सहीच्या वरचे शब्द

मराठी कुटुंबाचे बहुतेक बोलणे मराठीत होते. परंतु ज्या कागदावर कुटुंबप्रमुखाची सही होते, तो कागद बहुधा इंग्रजीत असतो. सदनिकेचा करारनामा, बँकेचे कर्जपत्र, विम्याची पॉलिसी, मुदत ठेवीचा अर्ज, दुकानाच्या गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्सचा दस्त, नव्या फ्रिजबरोबर येणारे लहानसे कार्ड, अशा प्रत्येक कागदावर काही शब्द पुन्हापुन्हा भेटतात आणि ते एकमेकांना इतके जवळचे वाटतात की, एकाच्या जागी दुसरा आला तरी वाचणाऱ्याला काही बिघडल्यासारखे वाटत नाही. गॅरंटी आणि वॉरंटी, प्लेज आणि मॉर्गेज, लीज आणि लायसन्स, व्हॉइड आणि व्हॉइडेबल, नॉमिनी आणि वारस. रोजच्या बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी सुखाने नांदतात. कागदावर मात्र प्रत्येकाचा संसार स्वतंत्र आहे, आणि त्या वेगळेपणावर कधी राहते घर, कधी स्त्रीधनाचे दागिने, तर कधी आयुष्यभराची बचत अवलंबून असते.

सर्वोच्च न्यायालयाचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीतच चालते. व्यापारी व्यवहारांचा पाया असलेले करार, मालमत्ता हस्तांतरण, वहिवाट आणि मालविक्री या विषयांवरील कायदे १८७२ ते १९३० या काळात इंग्रजीत लिहिले गेले आणि तेच मूळ शब्द आजच्या दस्तांत उतरले. त्यामुळे या शब्दांमधील भेद हा केवळ भाषाप्रेमींच्या कुतूहलाचा विषय राहत नाही. तो घराघरांतल्या लोखंडी कपाटापर्यंत पोहोचतो.

एका शब्दाची दोन रूपे

इंग्रजीत समानार्थी वाटणाऱ्या शब्दांची एवढी दाटी का झाली, याचे उत्तर इतिहासात आहे. १०६६ साली फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मंडीच्या सरदारांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर कित्येक पिढ्या इंग्लंडच्या दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच राहिली, धर्मपीठाची व विद्वानांची भाषा लॅटिन राहिली आणि शेतकरी, कारागीर मात्र जुनी इंग्रजीच बोलत राहिले. १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत न्यायालयांतील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला. तोवर कायद्याच्या परिभाषेत फ्रेंच शब्द खोलवर रुजले होते.

गॅरंटी व वॉरंटी हे या इतिहासाचे सर्वांत बोलके उदाहरण. मुळात हा एकच शब्द आहे. जर्मन कुळातील भाषांमधून तो फ्रेंचमध्ये गेला. नॉर्मन बोलीने त्याच्या आरंभीचा ‘व’ हा उच्चार राखला, तर पॅरिसच्या बाजूच्या फ्रेंचने त्याचा ‘ग’ केला. पुढे इंग्रजीने दोन्ही रूपे निरनिराळ्या वाटांनी उसनी घेतली. म्हणूनच इंग्रजीत वॉर्ड व गार्ड, वॉर्डन व गार्डियन अशा जोड्या आढळतात. एवढेच नव्हे, तर इंग्रजांचा विल्यम हा फ्रेंचांचा गीयोम होतो. एका आईची ही मुले. पण वेगवेगळ्या घरी वाढल्यामुळे त्यांच्या जबाबदाऱ्याही वेगळ्या झाल्या.

जनावर या अर्थाचा कॅटल, जंगम मालमत्ता या अर्थाचा चॅटल आणि भांडवल या अर्थाचा कॅपिटल हे तीनही शब्द एकाच लॅटिन मुळातून आले आहेत. गोठ्यातील गुरे हीच ज्या काळी माणसाची मत्ता होती, त्या काळाची आठवण त्यांत शिल्लक आहे. मराठीतील पशुधन हा शब्दही तीच गोष्ट सांगतो. आज मात्र कॅटल गोठ्यात, चॅटल वकिलाच्या दस्तात आणि कॅपिटल पेढीच्या ताळेबंदात राहतो.

जुन्या वकिलांनी आणखी एक सवय लावून ठेवली. कोणत्या भाषेतील शब्द पक्षकाराला कळेल याची खात्री नसल्याने ते देशी व परका असे दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहू लागले, असे सांगितले जाते. ‘विल अँड टेस्टामेंट’ यात पहिला शब्द इंग्रजी तर दुसरा लॅटिन; ‘गुड्स अँड चॅटल्स’ यात पहिला इंग्रजी तर दुसरा फ्रेंच. अशा जोड्यांत अर्थाचा फरक शोधून काही हाती लागत नाही. नेमकी अडचण येथे उद्भवते. दस्त वाचणाऱ्याला काही ठिकाणी दोन शब्दांचा एकच अर्थ भेटतो आणि दुसऱ्याच ओळीत हुबेहूब तशीच दिसणारी जोडी पूर्णपणे भिन्न अर्थाची निघते. दिसण्यावरून निवाडा करता येत नाही. प्रत्येक शब्दामागे कोणते नाते उभे आहे, तेच पाहावे लागते.

गॅरंटी, वॉरंटी, इंडेम्निटी

दुकानाच्या गल्ल्यापाशी ‘गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार’ असे सांगितले जाते. ही बाजारातील रूढी आहे. कार्डावर कंपनीने जे लिहून दिले असेल तेच तिला बांधून ठेवते. कायद्यात मात्र या शब्दांचा अर्थ याहून फार निराळा आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ प्रमाणे गॅरंटीच्या करारात तीन माणसे लागतात. कर्ज घेणारा ऋणको, कर्ज देणारा धनको आणि ‘याने फेडले नाही तर मी फेडीन’ असे म्हणणारा जामीनदार. याच कायद्याच्या कलम १२४ मधील इंडेम्निटीत मात्र दोनच माणसे असतात. एक जण दुसऱ्याला सांगतो, ‘या व्यवहारातून तुझे नुकसान झाले तर ते मी भरून देईन.’ मुदत ठेवीची पावती किंवा शेअरचे प्रमाणपत्र हरवले तर दुसरी प्रत देण्यापूर्वी इंडेम्निटी बाँड मागितला जातो, तो याच अर्थाने. जुनी पावती उद्या कोणी घेऊन आला आणि संस्थेला दुबार पैसे द्यावे लागले, तर तो भुर्दंड बाँड लिहून देणाऱ्याने सोसायचा.

जामीनकीसंबंधी कुटुंबांत एक समजूत घट्ट बसलेली असते. बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल, त्याची मालमत्ता विकेल आणि त्यातूनही काही उरले तरच जामीनदाराकडे वळेल, असे मानले जाते. भाचा, मेहुणा किंवा जुना शेजारी कागद पुढे करून ‘नुसती सही हवी आहे’ म्हणतो, तेव्हा ही समजूतच हाताला धीर देते. कलम १२८ चे म्हणणे वेगळे आहे. करारात अन्यथा ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच व तिच्या बरोबरीनेच असते. ‘बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, धनकोने आधी कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय संपवावेत अशी अट जामीनदाराला घालता येत नाही. असा जामीनदार शोधून ठेवण्याचा हेतूच मग फोल ठरेल, हा त्यामागील विचार.

जामीनदाराला कायद्याने संरक्षणही दिले आहे. त्याच्या संमतीवाचून कर्जाच्या अटी बदलल्या तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मोकळा होतो. त्याने कर्ज फेडले तर धनकोचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात आणि धनकोकडे असलेले तारणही तो मागू शकतो. परंतु छापील नमुन्यांत यांपैकी काही संरक्षणे सोडून दिल्याची वाक्ये अनेकदा असतात. बारीक अक्षरांतील ती वाक्ये सहीच्या वरच असतात, खाली नव्हे.

वॉरंटीचा कायदेशीर अर्थ मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये सापडतो आणि तेथे तिची जोडी गॅरंटीशी नसून कंडिशन या शब्दाशी आहे. करारातील जी गोष्ट व्यवहाराच्या गाभ्याशी आहे ती कंडिशन. जी गाभ्याला जोडून येणारी आहे ती वॉरंटी. व्यापाऱ्याने शुद्ध रेशमी म्हणून साड्यांचा माल मागवला आणि मिश्र धाग्याचा माल आला, तर वर्णनाबरहुकूम माल देण्याची कंडिशन मोडली. तो सगळा माल नाकारता येतो. मालावर तिसऱ्या कोणाचा बोजा नाही, ही मात्र कायद्याने गृहीत धरलेली वॉरंटी आहे. ती मोडली तर नुकसानभरपाई मिळेल, पण माल परत करण्याचा अधिकार मिळणार नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, खरेदीदाराने एकदा माल स्वीकारला की, वेगळे काही ठरलेले नसल्यास, कंडिशनचा भंगही वॉरंटीच्या भंगासारखाच धरला जातो. गठ्ठे न उघडताच माल स्वीकारल्याचे कळवणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातून मोठा हक्क तेवढ्यात निसटून जाऊ शकतो.

एका प्रत्ययाची किंमत

व्हॉइड म्हणजे रद्दबातल. व्हॉइडेबल म्हणजे रद्द करता येण्याजोगा. शब्दाच्या शेवटी लागलेला लहानसा प्रत्यय एवढाच काय तो फरक. पण त्या प्रत्ययाने एका सावकाराचे कर्ज बुडवले.

कलकत्त्यातील धर्मदास घोष नावाच्या तरुणाने जुलै १८९५ मध्ये आपली घरे ब्रह्मो दत्त या सावकाराकडे वीस हजार रुपयांच्या कर्जासाठी गहाण ठेवली. त्या वेळी तो अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला होता आणि ही गोष्ट सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्याला ठाऊक होती. पुढे तरुणाने आईमार्फत दावा लावून गहाणखत रद्द मागितले. सावकाराचा दावा चालू असतानाच मृत्यू झाला आणि लढा त्याच्या वारसांनी पुढे नेला. खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला.

तोवर अज्ञानाने केलेला करार व्हॉइड की व्हॉइडेबल, याबद्दल भारतातील न्यायालयांत एकमत नव्हते. सावकाराची सारी भिस्त दुसऱ्या शब्दावर होती. कारण करार अधिनियमाचे कलम ६४ असे सांगते की, व्हॉइडेबल करार जो रद्द करतो त्याने त्या करारातून मिळालेला लाभ परत केला पाहिजे. करार व्हॉइडेबल ठरला असता तर गहाणखत गेले तरी पैसे परत मागता आले असते. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की, अज्ञान व्यक्ती करार करण्यास मुळातच पात्र नसल्याने तिचा करार व्हॉइड आहे. जो करार जन्मालाच आला नाही तो रद्द करण्याचा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून कलम ६४ ही लागू होत नाही. गहाणही गेले आणि कर्जही गेले. ‘मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष’ हा निवाडा आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आरंभीच शिकवला जातो.

व्हॉइडेबल करार हा त्याच्या अगदी उलट प्रकारचा असतो. जबरदस्ती, फसवणूक किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेली संमती असेल तर फसलेल्या पक्षाला निवड करता येते. तो करार चालूही ठेवू शकतो, मोडूही शकतो. मोडेपर्यंत तो पूर्णपणे जिवंत असतो. व्यापारात याचा एक कठोर परिणाम दिसतो. एखाद्या लबाडाने खोटी माहिती देऊन पेढीवरून माल विकत नेला आणि पेढीने करार मोडण्यापूर्वी तो तिसऱ्या, प्रामाणिक खरेदीदाराला विकला, तर मालविक्री अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे त्या तिसऱ्याची मालकी पक्की होते. फसवणूक कळताच विनाविलंब लेखी कळवणे किती आवश्यक आहे, हे या एका कलमावरून उमगते.

तारण कोणाच्या हाती

कर्जासाठी काहीतरी अडकवून ठेवणे याला बोलण्यात सरसकट ‘गहाण’ म्हणतात. इंग्रजी कागदावर त्याचे निदान तीन प्रकार होतात आणि त्यांतील भेद मुख्यतः ताब्याचा आहे.

सोन्याच्या बांगड्या बँकेत ठेवून कर्ज घेतले तर ते प्लेज. जंगम वस्तू प्रत्यक्ष धनकोच्या ताब्यात जाते; मालकी मात्र कर्जदाराचीच राहते. मोटार किंवा दुकानातील मालावर कर्ज घेतले तर ते हायपोथिकेशन. वस्तू कर्जदाराकडेच राहते, तो ती वापरतो, माल विकतो, नवा भरतो. धनकोचा त्यावर बोजा असतो. मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचे नाव चढते ते यामुळेच, आणि कर्ज फिटल्यावर ते नाव कमी करून घेण्याचे काम अनेक जण विसरतात. गाडी विकायला निघाल्यावर मग धावपळ होते. घर किंवा जमीन यांसारख्या स्थावरातील हक्क तारण म्हणून दिला तर ते मॉर्गेज. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये त्याचे सहा प्रकार दिले असून गृहकर्जासाठी केवळ मूळ दस्त बँकेत जमा करून होणारे गहाण हा त्यांपैकीच एक.

हायपोथिकेशन हा शब्द ग्रीक आहे. ‘खाली ठेवलेले’ हा त्याचा मूळ अर्थ आणि शास्त्रातील गृहीतक या अर्थाचा हायपोथिसिस हा त्याचाच सख्खा भाऊ. मॉर्गेज या शब्दाची फोड फ्रेंचमध्ये ‘मृत तारण’ अशी होते. सतराव्या शतकातील इंग्रज न्यायवेत्ता एडवर्ड कोक याने त्याची उपपत्ती सांगितली ती अशी: कर्ज फेडले नाही तर जमीन कर्जदाराला मेली, आणि फेडले तर तारण धनकोला मेले. सहकारी बँकांच्या व्यवहारात हायपोथिकेशनसाठी रूढ असलेला ‘नजरगहाण’ हा मराठी शब्द मात्र या दोन्ही परक्या शब्दांहून अधिक पारदर्शक आहे. वस्तू धनकोच्या हातात नाही, नजरेत आहे. एवढ्या एका शब्दात सारा करार सामावला आहे.

येथेच प्रत्ययांचा आणखी एक चकवा भेटतो. मॉर्गेजर आणि मॉर्गेजी हे शब्द वाचताना मॉर्गेजर म्हणजे कर्ज देणारी बँक, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः पहिल्या प्रत्ययाने देणारा दर्शवला जातो आणि दुसऱ्याने घेणारा. कर्ज बँक देते हे खरे. परंतु गहाण कर्जदार देतो, म्हणून मॉर्गेजर तोच. हीच खूण लायसन्सर व लायसन्सी, लेसर व लेसी या जोड्यांनाही लागू पडते.

जागेचा हक्क की जागेत येण्याची मुभा

लीज व लायसन्स यांच्या व्याख्या देणारे दोन कायदे एकाच वर्षी, १८८२ साली झाले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ प्रमाणे लीज म्हणजे स्थावराचा उपभोग घेण्याच्या हक्काचे हस्तांतरण. त्या मुदतीपुरता जागेत भाडेकरूचा स्वतःचा हक्क निर्माण होतो. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मधील लायसन्सने असा कोणताही हक्क निर्माण होत नाही. जी गोष्ट केली असता एरवी अतिक्रमण ठरली असती ती करण्याची केवळ मुभा मिळते.

महाराष्ट्रात या भेदाने हजारो कुटुंबांचे भवितव्य ठरवले आहे. मुंबईच्या जुन्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूला भक्कम संरक्षण होते, म्हणून घरमालक भाडेपट्ट्याऐवजी लायसन्सचे कागद करू लागले. १९७३ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरू मानले गेले. एका तारखेने शब्दाचा अर्थ बदलला आणि राहणाऱ्याचे स्थानही. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्यात निवासी लायसन्सची मुदत संपताच जागेचा ताबा मिळवण्यासाठी मालकाला जलद मार्ग देण्यात आला. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही इतर राज्यांतील भाडेपट्ट्यांवरून आलेली समजूत महाराष्ट्रात उपयोगाची नाही.

कागदाच्या माथ्यावर लायसन्स असे लिहिले म्हणजे तो लायसन्स होतोच असेही नाही. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधील केशकर्तनाच्या दालनांसंबंधीच्या ‘असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर’ या १९५९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दस्ताच्या शीर्षकापेक्षा त्यातील आशय पाहावा. जागेत हक्क निर्माण झाला का, याचा शोध घ्यावा. त्या प्रकरणात लायसन्स म्हणवणारा दस्त प्रत्यक्षात लीज ठरला.

नाव कोणाचे, मालकी कोणाची

कुटुंबांत सर्वाधिक कटुता ज्या शब्दाने आणली, तो म्हणजे नॉमिनी. ज्याचे नाव सुचवले तो, एवढाच त्याचा मूळ अर्थ. वारस ठरतो तो मृत्युपत्राने किंवा उत्तराधिकाराच्या कायद्याने. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैन कुटुंबांनाही लागू आहे आणि मृत्युपत्र नसल्यास पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली व आई हे सर्व पहिल्या वर्गातील वारस असतात.

अविवाहित असताना एखाद्या तरुणाने बँकेच्या ठेवीवर धाकट्या भावाचे नाव नॉमिनी म्हणून लावले. पुढे त्याचा विवाह झाला, मुलगी झाली, आणि नाव बदलायचे राहून गेले. त्याच्या निधनानंतर बँक ठेवीची रक्कम भावाच्या हाती देईल आणि बँकेची जबाबदारी तेथे संपेल. परंतु भावाने ती रक्कम स्वतःची समजणे हे कायद्याला धरून होणार नाही. ती पत्नी, मुलगी व आई यांची आहे. भाऊ केवळ त्यांच्यासाठी ती स्वीकारणारा. ‘सरबती देवी विरुद्ध उषा देवी’ या विम्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व सांगितले आणि पुढे बँक ठेवींनाही ते लागू केले. शेअर्सच्या बाबतीत शंका होती. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही दूर केली. नॉमिनी शेअर्सचाही अंतिम मालक होत नाही.

आयुर्विम्याला मात्र एक अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनुसार पॉलिसीवर आई-वडील, पती किंवा पत्नी अथवा मुले यांचे नाव नॉमिनी म्हणून असेल, तर सामान्यतः ती रक्कम त्यांच्याच मालकीची होते. भाऊ, बहीण, पुतण्या या यादीत नाहीत. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्राच्या कायद्यात २०१९ साली घातलेल्या तरतुदीप्रमाणे, कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरते सभासद करून घेतले जाते. ‘तात्पुरते’ या शब्दानेच त्याची मर्यादा सांगितली आहे.

संयुक्त खात्यावरील शब्दही असेच नीट वाचण्याजोगे आहेत. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कोणीही खाते चालवू शकतो आणि एकाच्या पश्चात दुसरा. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर पहिल्या नावाची व्यक्ती हयात असेपर्यंत दुसरीला व्यवहार करता येत नाही. ‘जॉइंटली’ असेल तर प्रत्येक वेळी दोघांच्याही सह्या लागतात. आजारी पतीच्या उपचारासाठी पत्नी बँकेत जाते, तेव्हा अर्जावर पूर्वी कोणत्या चौकटीत खूण केली होती यावर तिच्या हाती त्या दिवशी पैसे येतात की नाही हे ठरते.

चार प्रश्न

या सर्व जोड्या पाठ करणे सर्वसामान्य कुटुंबाला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. त्यांच्या मुळाशी असलेले प्रश्न मोजकेच आहेत. या व्यवहारात माणसे किती आणि कोणी कोणासाठी बांधून घेतले आहे? वस्तूचा किंवा जागेचा ताबा कोणाकडे राहणार? करार मोडण्याची निवड कोणाला? आणि पैसा ज्याच्या हाती येणार त्याचीच मालकी होणार का? गॅरंटी व इंडेम्निटी पहिल्या प्रश्नाने वेगळ्या होतात, प्लेज व हायपोथिकेशन दुसऱ्याने, व्हॉइड व व्हॉइडेबल तिसऱ्याने, नॉमिनी व वारस चौथ्याने. हे प्रश्न बँकेच्या अधिकाऱ्याला, विमा प्रतिनिधीला किंवा वकिलाला शुद्ध मराठीत विचारता येतात आणि त्यांची उत्तरेही मराठीत मागता येतात. ज्याला स्वतःच्या कागदाचा अर्थ सोप्या मराठीत सांगता येत नाही, त्याच्या कागदावर सही करण्याची घाई करू नये.

दस्ताच्या आरंभी बहुधा व्याख्यांचे एक पान असते आणि तेच सर्वांत कमी वाचले जाते. करारात एखादा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे, हे तेथे लिहिलेले असते. आशय तपासून शीर्षक बाजूला ठेवण्याचे काम न्यायालय करते. पण न्यायालयापर्यंत पोहोचेतो वर्षे गेलेली असतात आणि नात्यांत पडलेले अंतर कोणत्याही निकालाने भरून येत नाही. घरातील ठेवी, पॉलिसी, शेअर्स व सदनिकेचे कागद वर्षातून एकदा बाहेर काढून त्यांवरील नावे पती-पत्नींनी एकत्र बसून वाचावीत, विवाह, जन्म किंवा मृत्यू झाल्यावर ती बदलावीत, आणि मालमत्ता कोणाला द्यायची हे मनात असेल तर त्यासाठी मृत्युपत्र करावे. एका दुपारच्या या कामाने मागे राहणाऱ्यांची अनेक वर्षांची वणवण वाचते.